इंडोनेशियाहून बोर्डाचा कंटेनर मागवताना: ऑर्डरच्या आधीपासून गोदामापर्यंत, क्रमाने

न्हावा शेव्याला कंटेनर येऊन पडला, सीएचए (कस्टमचं काम पाहणारा एजंट) म्हणतोय कागद जुळत नाहीत, रोजचं भाडं चढतंय आणि इकडे मशीन बोर्डाविना, म्हणजे खोक्यांच्या जाड कागदाविना, उभं आहे. अशा वेळी आलेले फोन मी बरेच घेतले आहेत. प्रत्येक वेळी फाईल मागवून पाहिली की चूक बंदरात झालेली नसते. ती दीड-दोन महिने आधी, प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर (गिरणीने ऑर्डरआधी पाठवलेल्या कच्च्या बिलावर) सही करताना झालेली असते आणि तिचा पत्ता बंदरात लागतो.

म्हणून हा लेख क्रमाला धरून आहे. उदाहरण एकच घेतो: मोनो कार्टन (बोर्डाची घडीची छापील खोकी) बनवणाऱ्या छोट्या कारखान्यासाठी इंडोनेशियातल्या गिरणीतून २४ टन कोटेड बोर्ड, एक कंटेनर, जकार्ताच्या तांजुंग प्रिओकहून न्हावा शेवा. आर्ट पेपर किंवा क्राफ्ट मागवणाऱ्यांनाही बहुतेक टप्पे लागू पडतील, जिथे फरक आहे तिथे सांगितला आहे. आयईसी (आयात-निर्यात क्रमांक), जीएसटी नोंदणी आणि आइसगेटवर (कस्टमच्या पोर्टलवर) बँकेच्या एडी कोडची (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेच्या क्रमांकाची) नोंदणी झालेली आहे असं धरतो. नसेल तर आधी ते करा आणि मग हे वाचा.

१. आपल्याला नेमकं काय हवंय ते कागदावर उतरवा

"३०० जीएसएम एफबीबी, चांगल्या क्वालिटीचा" हे वर्णन नव्हे. (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, एफबीबी म्हणजे घडीच्या खोक्यांचा बोर्ड.) असं लिहून ऑर्डर दिली तर गिरणी जे पाठवेल ते बरोबरच ठरतं. गिरणीकडून तांत्रिक माहितीपत्रक मागवा आणि त्यात एवढ्या गोष्टी आकड्यांत आहेत का बघा: जीएसएम आणि त्यावरची सूट, जाडी मायक्रॉनमध्ये, दोन्ही दिशांचा ताठपणा, ओलावा टक्क्यांत, पाणी शोषण्याचा कॉब आकडा, कोटिंग एका बाजूला की दोन्ही, आणि आतले थर कोणत्या लगद्याचे. हा शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात. पुढे एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा कस्टमचा क्रमांक) त्याच्यावरच ठरतो.

जीएसएमच्या सुटीकडे नीट बघा, तिथे पैसा आहे. आपण बोर्ड टनावर घेतो आणि खोकी नगावर विकतो. २४ टन बोर्ड बरोबर ३०० जीएसएमचा असेल तर तो ८०,००० चौरस मीटर भरतो. तोच ३०९ चा आला, म्हणजे फक्त तीन टक्के जड, तर क्षेत्रफळ ७७,६७० च्या आसपास येतं. सुमारे २,३३० चौरस मीटर बोर्ड कमी मिळाला आणि बिलात एक पैसा कमी झाला नाही. एका खोक्याला दहावा हिस्सा चौरस मीटर लागत असेल तर तेवीस हजार खोकी गेली. जीएसएम कमी निघाला की सगळे भांडतात. जड निघाला की मात्र "माल दणकट आहे" म्हणून खूश होतात.

शीटमध्ये माल घेत असाल तर ग्रेन (तंतूंची दिशा) कोणत्या बाजूला हवा ते शब्दांत लिहा. "७८० बाय १०२० मिमी, ग्रेन १०२० च्या बाजूने" असं सुटं वाक्य हवं. मापातला दुसरा आकडा म्हणजे ग्रेन, असा समज इथे काही जणांचा असतो. गिरणीचा तसा असेलच असं नाही. ग्रेन उलटा आला तर क्रीजवर (घडीच्या रेषेवर) बोर्ड फुटतो आणि तो लॉट दुसऱ्या कामाला लावण्याशिवाय गत्यंतर उरत नाही.

तपासा: ऑर्डरआधी पंधरा-वीस शीटचा नमुना मागवा, आपल्याच मशीनवर छापा, क्रीज मारा, चिकटवा. नमुन्याच्या पाकिटावरचं ग्रेडचं नाव आणि प्रोफॉर्मावरचं नाव अक्षरशः एकच असलं पाहिजे.

२. एचएस कोड ऑर्डरआधी ठरवा

कोड ठरवणं हे सीएचएचं काम आहे अशी समजूत आहे. सीएचए सल्ला देईल, पण बिल ऑफ एन्ट्रीवर (कस्टमला द्यायच्या आयातीच्या विवरणावर) जबाबदारी आयातदाराचीच असते. आणि कस्टम टॅरिफमधल्या कागदाच्या ४८ व्या प्रकरणात कोड मालाच्या बाजारातल्या नावावर चालत नाही, घडणीवर चालतो.

थोडक्यात फोड अशी. कोटिंग नसलेला छपाई-लेखनाचा कागद ४८०२ मध्ये. कोटिंग नसलेला क्राफ्ट ४८०४ मध्ये, टेस्ट लायनर आणि फ्लूटिंग (नालीदार खोक्यांचे कागद) ४८०५ मध्ये. चायना क्लेसारख्या खनिजाचं कोटिंग असलेला कागद आणि बोर्ड ४८१० मध्ये. प्लास्टिक, मेण वगैरेचा थर असेल तर ४८११, म्हणजे कपासाठीचा पॉलीकोटेड बोर्ड इथे जातो. तयार खोकी ४८१९ आणि वह्या ४८२० मध्ये.

घोडं पेंड खातं ते ४८१० च्या आत. छपाईच्या कोटेड कागदात यांत्रिक प्रक्रियेने काढलेला तंतू एकूण तंतूंच्या दहा टक्क्यांपर्यंत असेल तर एक गट, त्याहून जास्त असेल तर दुसरा. पॅकिंगचा क्राफ्ट बोर्ड सगळ्या जाडीत एकसारखा ब्लीच केलेला, रासायनिक लगद्याचा तंतू ९५ टक्क्यांवर आणि वजन १५० जीएसएमच्या वर असेल तर ४८१० ३२. अनेक थरांचा बोर्ड ४८१० ९२. म्हणजे दिसायला सारखेच दोन पांढरे बोर्ड, एकाच्या पोटात यांत्रिक लगदा आणि दुसऱ्यात नाही, तर कोड वेगळे. म्हणूनच पहिल्या टप्प्यात थरांची माहिती लेखी मागायला सांगितलं.

४८०३ ते ४८०९ साठी आकाराचीही अट आहे: रोल ३६ सेंमीपेक्षा रुंद हवा, आणि शीटची एक बाजू ३६ सेंमीपेक्षा व दुसरी १५ सेंमीपेक्षा मोठी हवी. कापलेल्या अरुंद पट्ट्या मागवणाऱ्यांना हे माहीत नसतं आणि कोड चुकतो.

गिरणी तिच्या देशात कोणता कोड वापरते ते विचारा. पहिले सहा अंक आपल्याशी जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर माहितीपत्रक समोर ठेवून ऑर्डरच्या आधी वाद मिटवा. माल नेहमी येणार असेल आणि कोडवर खरोखरच दुमत असेल तर मुंबईच्या कस्टम्स अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्याला वेळ लागतो, पण दरमहा कंटेनर आणणाऱ्याला तो परवडतो.

सावधान: "मागच्या वेळी हाच कोड टाकला होता आणि माल सुटला" हे कारण पुढे चालत नाही. मागच्या वेळी फाईल कुणी उघडली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

३. बंधनं बघा आणि दारात पडणारा भाव काढा

कोड ठरला की त्याच दिवशी डीजीएफटी (परकीय व्यापार महासंचालनालय) आणि सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळांवर त्या कोडावर काय काय लागू आहे ते बघा. कागदासाठी चार गोष्टी शोधायच्या.

पहिली, पिम्स, म्हणजे कागद आयातीची आगाऊ नोंदणी. ती १ ऑक्टोबर २०२२ पासून ४८ व्या प्रकरणातल्या २०१ कोडांना लागू झाली. तिच्यासाठी खाली वेगळा टप्पा आहे. दुसरी, किमान आयात किंमत. व्हर्जिन लगद्याच्या (रद्दीपासून न केलेल्या) बहुस्तरीय बोर्डावर ऑगस्ट २०२५ मध्ये टनामागे ६७,२२० रुपये सीआयएफ (माल, विमा आणि भाडं धरून) अशी किमान किंमत ३१ मार्च २०२६ पर्यंत लावली गेली. आपल्या उदाहरणातला माल नेमका याच जातीचा. अशा अधिसूचनांची मुदत वाढते, आकडा बदलतो, कधी त्या संपतात. त्यामुळे ऑर्डरच्या दिवशीची स्थिती छापून फाईलला लावा. तिसरी, अँटी डम्पिंग शुल्क (फार स्वस्तात ओतलेल्या मालावरचं जादा शुल्क), तेही देश आणि उत्पादकानुसार बघायचं. चौथी, बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरो. साध्या कॉपिअर पेपरला आयएस १४४९० प्रमाणे बीआयएसचा शिक्का बंधनकारक आहे. परदेशी गिरणीकडे तो परवाना नसेल तर ए-फोरची ती रीम स्वस्तात मिळाली तरी उपयोग नाही.

आता भाव. हिशोबाच्या सोयीसाठी टनाला ७५,००० रुपये सीआयएफ धरू. २४ टनांचे १८,००,००० झाले.

सवलतीशिवाय: मूळ कस्टम ड्युटी १० टक्के म्हणजे १,८०,०००. त्यावर सोशल वेल्फेअर सरचार्ज १० टक्के, १८,०००. बेरीज १९,९८,०००, त्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) ३,५९,६४०. भरायचे एकूण ५,५७,६४०.

आसियान-भारत व्यापार कराराखाली: इंडोनेशियाच्या कागदावर बहुतेक कोडांना मूळ ड्युटी शून्य, म्हणून सरचार्जही शून्य. फक्त आयजीएसटी ३,२४,०००.

आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं. मूळ ड्युटी आणि सरचार्ज मिळून १,९८,००० रुपये मात्र परत येत नाहीत. एका कंटेनरमागे जवळपास दोन लाख रुपये उगमाच्या एका प्रमाणपत्रावर टांगलेले आहेत, हे लक्षात ठेवून पाचवा टप्पा वाचा.

आणि एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून या बोर्डावर जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला आणि तयार खोक्यांवर १२ वरून ५ वर आला. खरेदीला १८ आणि विक्रीला ५. क्रेडिट साचत जातं. उलट्या करदराचा परतावा मागता येतो, पण तो हातात पडेपर्यंत पैसा अडकून राहतो. खेळतं भांडवल मोजताना हा आकडा धरला नाही म्हणून दुसरा कंटेनर न उचलता आलेले लोक मी पाहिले आहेत.

४. प्रोफॉर्मा आणि एलसी (बँकेचं पतपत्र)

या टप्प्यावर सही करण्याआधी एक संध्याकाळ राखून ठेवा.

अटीचं नाव आणि विमा. सीआयएफमध्ये विमा विक्रेता काढतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. इनकोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय विक्री-नियमांप्रमाणे सीआयएफमध्ये विक्रेत्यावर बंधन आहे ते फक्त सर्वांत कमी संरक्षणाचं, म्हणजे 'सी' कलमांचं. जहाज बुडालं, जळलं, आपटलं तर भरपाई. कंटेनरच्या छतातून पावसाचं पाणी झिरपून वरची पॅलेट भिजली तर त्यात येत नाही. आणि बोर्डाचं नुकसान होतं ते बहुतेक पाण्यानेच. म्हणून "संस्थात्मक कार्गो कलमे 'ए', इन्व्हॉइसच्या ११० टक्के, गोदामापर्यंत" असं प्रोफॉर्मात लिहून घ्या, किंवा सीएफआर (भाडं विक्रेत्याचं, विमा आपला) घेऊन विमा इथे स्वतः काढा. मी दुसरं करतो. दाव्याच्या वेळी इथल्याच माणसाशी बोलता येतं.

वजनाची सूट. गिरणी बरोबर २४.००० टन कधीच भरत नाही. २३.४ येईल नाहीतर २४.६ येईल. एलसीच्या नियमांत, यूसीपी ६०० मध्ये, वजनावरच्या मालाला पाच टक्के कमी-जास्त चालतं, पण एलसीची रक्कम ओलांडता येत नाही. रक्कम २४ टनांची बांधलेली आणि माल २४.६ आला की बँक विसंगती काढते, तिचे पैसे लावते आणि कागद अडकतात. एलसीत वजन आणि रक्कम दोन्हींना पाच टक्के सूट लिहा.

कागदपत्रांची यादी. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल (जहाज कंपनीची मालाची पावती), फॉर्म एआय (आसियान कराराचं उगम प्रमाणपत्र), लॉटवार चाचणी अहवाल. पॅकिंग लिस्टमध्ये प्रत्येक पॅलेटचा क्रमांक, रीम, शीट, नक्त आणि एकूण वजन हवं. नुसतं "२८ पॅलेट, २४ टन" असलं की तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्याला काही जुळवता येत नाही आणि पुढे दावा लावायची वेळ आली तर आपल्यालाही नाही.

बीएल कुठला. विक्री कार्यालय बरेचदा सिंगापुरात असतं आणि जहाजही तिथे बदलतं. दोन्ही चालतं. चालत नाही ते हे की इंडोनेशियाहून सिंगापूरचा एक बीएल आणि सिंगापूरहून न्हावा शेव्याचा दुसरा. सवलत हवी असेल तर इंडोनेशियात निघालेला थेट न्हावा शेव्यापर्यंतचा एकच बीएल हवा, आणि वाटेत माल कस्टमच्या ताब्यातच राहिलेला हवा. ही ओळ प्रोफॉर्मात घाला.

तपासा: उशिरात उशिरा लोडिंगची तारीख पावसाळा बघून ठरवा. जून ते सप्टेंबरमध्ये येणाऱ्या मालाला आतून क्राफ्टचं अस्तर आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या असल्याच पाहिजेत, हे लेखी.

५. जहाज निघण्याआधी: कच्चे कागद आणि फॉर्म एआय

माल भरला की गिरणीकडून सगळ्या कागदांचे मसुदे ईमेलवर मागवा. अंतिम बीएल निघण्याआधी. जहाज निघून गेल्यावर दुरुस्ती करणं म्हणजे शिपिंग लाईनचे पैसे आणि आठवडाभराची पायपीट.

मसुदे टेबलावर शेजारी शेजारी ठेवा, पेन्सिल घ्या आणि सहा गोष्टी प्रत्येक कागदावर बोटाने दाखवत जुळवा: आपल्या कंपनीचं नाव आणि पत्ता आयईसीप्रमाणे, मालाचं वर्णन, सहा अंकी कोड, वजन, पॅलेटची संख्या, इन्व्हॉइस क्रमांक आणि तारीख. एकदा माझ्याच फाईलमध्ये इन्व्हॉइसवर "बोर्ड" आणि प्रमाणपत्रावर "पेपर" आलं होतं, कोड मात्र बरोबर होता. त्या एका शब्दावर नऊ दिवस गेले. तेव्हापासून मी मसुदा स्क्रीनवर वाचत नाही, छापूनच वाचतो.

फॉर्म एआयसाठी वेगळी तपासणी:

उगमाचा निकष लिहिलेला हवा. करारात अट दुहेरी आहे: एफओबी किमतीच्या (जहाजावर चढवेपर्यंतच्या) किमान ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांतलं, आणि शिवाय कच्चा माल व तयार माल यांच्यात सहा अंकी कोडाच्या पातळीवर बदल. नुसती टक्केवारी लिहून भागत नाही.

इन्व्हॉइस सिंगापूरच्या कार्यालयाचं असेल तर तिसऱ्या देशातल्या इन्व्हॉइसच्या चौकोनात खूण हवी आणि त्या कंपनीचं नाव व देश छापलेला हवा. सर्वांत जास्त राहून जाणारी गोष्ट हीच.

प्रमाणपत्र निर्यातीच्या वेळी किंवा जहाज सुटल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत निघालेलं हवं. नंतर काढलं असेल तर ते मागाहून दिल्याचा शिक्का त्यावर पाहिजे. खाडाखोड चालत नाही. दुरुस्ती असेल तर ती देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली हवी.

याच वेळी कॅरोटारचं (उगम पडताळणीच्या कस्टम नियमांचं) काम उरकून घ्या. २१ सप्टेंबर २०२० पासून नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. माल त्या देशाचा कसा ठरतो याची माहिती आयातदाराकडे आयातीच्या आधीच हवी. त्यासाठीचा फॉर्म १ गिरणीकडून भरून घ्या: लगदा कुठला, कोणती प्रक्रिया कुठे झाली, मूल्याची टक्केवारी कशी काढली. अधिकाऱ्याने विचारलं तर दहा कामकाजाचे दिवस मिळतात. गिरणी तेव्हा शोधाशोध करायला लागली तर ते पुरत नाहीत.

गिरणीकडून कंटेनर भरतानाचे फोटो मागवा: रिकामा कंटेनर आतून, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, सील लावलेला. लाकडी पॅलेटवरच्या शिक्क्याचा जवळून घेतलेला फोटो हवा: गव्हाच्या कणसासारखी खूण, इंडोनेशियासाठी 'आयडी' ही अक्षरं आणि प्रक्रियेची 'एचटी' (उष्णता) किंवा 'एमबी' (मिथाइल ब्रोमाइड). शिक्का नसलेली चार पॅलेट सगळा कंटेनर अडवतात.

सावधान: गिरणीला घाई असते आणि "मूळ कागदात दुरुस्त करू" असं उत्तर येतं. दुरुस्त मसुदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

६. पिम्सची नोंदणी: खिडकी छोटी आहे

नियम सोपा आहे. माल पोचण्याच्या अपेक्षित तारखेच्या आधी ७५ व्या दिवसापासून ५ व्या दिवसापर्यंत डीजीएफटीच्या पोर्टलवर नोंदणी करायची. फी ५०० रुपये. नोंदणी क्रमांक ७५ दिवस चालतो, आणि त्या मुदतीत एकाच क्रमांकावर एकाहून जास्त बिल ऑफ एन्ट्री टाकता येतात.

तरीही इथे इतके लोक का अडकतात? कारण युरोप-अमेरिकेच्या आयातीची सवय. तिकडून जहाज महिना-दीड महिना घेतं, तेव्हा कुरियरने मूळ कागद आल्यावर सावकाश नोंदणी केली तरी जमतं. इंडोनेशिया जवळ आहे. कागद बँकेतून तुमच्या हातात येईपर्यंत जहाज चार दिवसांवर आलेलं असतं आणि खिडकी बंद झालेली असते.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. काही जण ऑर्डर देतानाच नोंदणी करून मोकळे होतात. मग गिरणीचं उत्पादन लांबतं, कंटेनर एका जहाजावरून पुढच्या जहाजावर ढकलला जातो आणि क्रमांकाची मुदत संपते.

माझी पद्धत: बीएलचा मसुदा मंजूर केला त्याच दिवशी नोंदणी. तोवर कोड, वजन, किंमत सगळं पक्कं झालेलं असतं. नोंदणीतला आठ अंकी कोड बिल ऑफ एन्ट्रीत पडणार तोच हवा. एकाच कंटेनरमध्ये दोन ग्रेड, दोन कोड असतील तर दोन्हींची नोंद हवी.

तपासा: क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख सीएचएला त्याच दिवशी लेखी पाठवा. फोनवर सांगू नका.

७. बिल ऑफ एन्ट्री

जहाज येण्याच्या अपेक्षित तारखेआधी तीस दिवसांपर्यंत ते आगाऊ भरता येतं, आणि जहाज येण्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरीपर्यंत भरावंच लागतं. सुट्टी असली तरी. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,०००. पाच दिवस गेले की ३५,००० झाले. हे फक्त कागद उशिरा टाकल्याचे, बंदराचं भाडं वेगळं.

सीएचएने बनवलेली चेकलिस्ट स्वतः वाचा. बघायचं ते एवढं: कोड, पिम्स क्रमांक, सवलतीची अधिसूचना ४६/२०११ लावली आहे का, प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख व उगमाचा निकष भरला आहे का, आणि किंमत. एफओबीने घेतलं असेल तर भाड्याची आणि विम्याची बिलं जोडा. भाडं सिद्ध करता आलं नाही तर कस्टम एफओबीच्या २० टक्के भाडं धरतं, विम्याचा पुरावा नसेल तर १.१२५ टक्के. शेजारच्या देशातून येणाऱ्या मालावर २० टक्के भाडं म्हणजे हकनाक कर.

कागद ई-संचितवर (कस्टमच्या कागदपत्रांच्या ऑनलाइन सोयीवर) चढवताना माहितीपत्रकही चढवा, मागितलं नसलं तरी. हल्ली तपासणारा अधिकारी दुसऱ्या शहरात बसलेला असतो, त्याला माल दिसत नाही. "कोटेड बोर्ड" एवढ्यावरून तो प्रश्न विचारणारच. थरांची माहिती समोर असेल तर एक फेरी वाचते.

सवलतीवर शंका घेतली गेली तर भांडत बसून माल कुजवू नका. फरकाच्या रकमेची हमी देऊन माल तात्पुरत्या आकारणीवर सोडवून घेण्याची विनंती करता येते. पडताळणी मागाहून होत राहते.

८. बंदरातून बाहेर

इथे तुमच्या हातात फार थोडं असतं. दोन घड्याळं चालू असतात: बंदर किंवा सीएफएसचं (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डाचं) भाडं आणि शिपिंग लाईनचं कंटेनर रोखून धरल्याचं भाडं. दोन्हींचे मोफत दिवस वेगळे आणि मोजायला सुरुवातही वेगळ्या दिवसापासून. लाईनकडून जास्त मोफत दिवस मागायचे ते बुकिंगच्या वेळी, माल आल्यावर नाही.

तपासणी लागली तर आपला माणूस हजर ठेवा. पॅलेटचं वेष्टण पूर्ण फाडू न देता कोपऱ्यातून नमुना काढायची विनंती करा, आणि फाडलेली जागा तिथेच टेपने बंद करून घ्या. टेपचा रोल खिशात असू द्या.

९. गोदामात: घाई केली तर इथे माल जातो

सील तोडण्याआधी त्याचा क्रमांक बीएलशी जुळवा, फोटो काढा. दार उघडल्यावर पहिल्यांदा छताकडे आणि दाराजवळच्या पॅलेटच्या माथ्याकडे बघा. पाण्याचे ओघळ, गंजाचे ठिपके, ओलं खोकं दिसलं तर उतरवणं थांबवा. विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअर बोलवा, आणि शिपिंग लाईनला तीन दिवसांच्या आत लेखी कळवा. आधी उतरवून, रचून, मग दावा लावला तर पाणी कंटेनरमध्ये लागलं की तुमच्या अंगणात, हे सिद्ध करता येत नाही.

माल कोरडा आला तरी लगेच उघडू नका. काही वर्षांपूर्वी जुलैत आलेला एक लॉट आम्ही उतरवला तो दुपारी, बाहेर संततधार. सकाळी छपाई लावायची म्हणून रात्रीच दोन पॅलेटचं प्लास्टिक उतरवून ठेवलं. सकाळी वरच्या शीटच्या कडा पापडासारख्या वळल्या होत्या. हात लावला तर वरची बाजू गार आणि किंचित चिकट, आणि फीडर एक शीट धड उचलेना. बोर्डात दोष नव्हता. गिरणीत कोरड्या हवेत कापलेला बोर्ड आम्ही पावसाच्या हवेत उघडा टाकला होता.

म्हणून पॅलेट वेष्टणासकट छपाईच्या खोलीत किमान दोन दिवस ठेवा, मशीनच्या वेळेलाच उघडा, आणि उरलेला भाग पुन्हा गुंडाळा. जमिनीला किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका.

मग चाचणी. सगळी उपकरणं नसली तरी तीन गोष्टी कुठल्याही कारखान्यात होतात. बरोबर १० बाय १० सेंमीचा तुकडा कापा, शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. ३.०० ग्रॅम आले म्हणजे ३०० जीएसएम, ३.०९ आले म्हणजे ३०९. एका तुकड्यावर भरवसा ठेवू नका, वेगवेगळ्या पाच पॅलेटमधून घ्या. मायक्रोमीटरने जाडी मोजा. आणि तुकड्याची एक बाजू ओली करून तो कोणत्या दिशेला वळतो ते बघा. नळीसारखा वळतो त्या नळीची लांबी म्हणजे ग्रेनची दिशा.

आकडे माहितीपत्रकातल्या सुटीबाहेर असतील तर बोर्ड मशीनवर चढवण्याआधी गिरणीला कळवा: पॅलेट क्रमांक, मोजमाप, फोटो आणि राखून ठेवलेले नमुने. अर्धा लॉट छापून झाल्यावर केलेली तक्रार गिरणी ऐकत नाही, आणि तिचं तसं चूकही नसतं.

सावधान: पॅलेटवरचं लेबल फाडून टाकू नका. ज्या कामाला ती पॅलेट लागली त्या जॉब कार्डाच्या मागे चिकटवा. तीन महिन्यांनी ग्राहकाने क्रीज फुटल्याची तक्रार केली तर लॉट शोधायला तेवढा एकच धागा असतो.

१०. फाईल बंद करण्याआधी

बँकेला बिल ऑफ एन्ट्रीचा पुरावा गेला का बघा. पैसे पाठवल्याची नोंद आणि माल आल्याची नोंद जुळल्याशिवाय बँकेच्या यादीत तुमचं नाव थकबाकीदारासारखं लटकत राहतं आणि पुढची एलसी उघडताना ते वर येतं. आयजीएसटीची रक्कम जीएसटी पोर्टलवर उतरली का तेही त्याच महिन्यात तपासा, नाहीतर परताव्याचा अर्ज तिथेच अडतो.

प्रमाणपत्र, फॉर्म १ आणि गिरणीचे खुलासे बिल ऑफ एन्ट्रीच्या तारखेपासून पाच वर्षं जपायचे आहेत. प्रत्येक कंटेनरची वेगळी फाईल करा, आणि सगळ्यात वर ती पेन्सिलच्या खुणा असलेली छापील मसुद्यांची प्रत ठेवा. पुढच्या ऑर्डरच्या वेळी पहिल्यांदा तीच काढायची आहे.